साडेनऊ महिन्यांच्या बाळाची दुधाची बाटली अजून उकळायची का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ साडेनऊ महिन्यांचं. सकाळ-रात्र ती अंगावर पाजते. दिवसा कापूस वेचायला वावरात जाते, तेव्हा सासूबाई दोन वेळा घरच्या गाईचं दूध बाटलीनं पाजतात. आजपर्यंत बाटली रोज उकळली. आता सासूबाई म्हणतात, "पोट्टं दिवसभर मातीत लोयते, चप्पल तोंडात घालते, मंग बाटलीच काहून उकया लागते?" पुण्याच्या नणंदेला तिच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतर उकळणं सोडायला सांगितलं. सिलिंडर परवडत नाही. तर उकळावं की सोडावं? आणि मोठ्या मुलाच्या बाटल्या पेटीत जपून ठेवल्या आहेत, त्या चालतील का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमच्या घरी सध्या उकळणं सोडू नका. बाळ वर्षाचं होईपर्यंत दिवसातून एकदा, नीट घासून धुतल्यावर, दहा मिनिटं उकळा. प्रत्येक वेळी उकळायची गरज नाही; आतापर्यंत दोन्ही वेळा उकळत असाल तर गॅसचा निम्मा खर्च तिथेच वाचेल. पण मला मनापासून सांगायचं आहे ते याच्या पुढचं: या वयाच्या बाळाला बाटली लागतच नाही. ती सुटली की उकळण्याचा प्रश्नही सुटतो. तालुक्याच्या गावी २२ वर्षं मी लहान मुलं तपासते आहे. हगवण लागून आलेल्या बाळाच्या पिशवीत बाटली दिसली की माझा हात स्टेथोस्कोपच्या आधी त्या बाटलीकडे जातो.

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. "आजकालच्या पोरींचे नखरे" म्हणून किंवा "जुन्या बायकांना काय कळतं" म्हणून तो उडवून लावला तर घरात नुसता वाद होतो, आणि दुपारी बाटली धुणारा हात त्यांचाच असतो. त्यांना विरजणाची गोष्ट सांगा. चमचाभर दही गंजभर, म्हणजे पातेलंभर, दुधात घातलं की सकाळपर्यंत सगळ्या दुधाचं दही होतं. तो चमचा रात्रभरात गंजभर कसा झाला? त्यातले जंतू दुधावर वाढले. दह्याचे जंतू आपल्या कामाचे, हगवणीचे जंतू जिवावरचे, पण दुधात वाढायची दोघांची रीत एकच. अंगणातल्या कोरड्या मातीतही जंतू असतातच. बाळाच्या तोंडात त्यातले थोडे जातात आणि पोटातलं आम्ल त्यातल्या बऱ्याच जणांचा निकाल लावतं. कोरड्या मातीत ते दुधासारखे वाढत नाहीत. निप्पलच्या कडेला राहिलेल्या दुधाच्या थेंबात मात्र वाढतात. हवा गरम असली तर एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं पुरतात. या हिशेबानं सकाळी नऊला राहिलेल्या एका जंतूचे दुपारी तीनपर्यंत अडीच लाखांवर होतात. आणि दुपारचं ताजं दूध आपण त्याच्यावरच ओततो.

दुधाचा गंज नीट घासला नाही तर दुसऱ्या दिवशी दूध तापवताना नासतं, हे सासूबाईंना माझ्याहून जास्त माहीत असणार. गंज मोठ्या तोंडाचा, हात आत जातो, राहिलेलं डोळ्याला दिसतं. बाटलीचं तसं नाही. तिला आटे आहेत, रिंग आहे, निप्पलला खाच आहे.

(मातीबद्दल एवढंच, की कोंबड्या-शेळ्या फिरतात त्या जागी किंवा फवारणीचे कपडे आणि पंप ठेवतात त्या कोपऱ्यात बाळाला सोडू नका. औषधाच्या रिकाम्या डब्यात घरातलं कुठलंच पाणी भरू नका, तो डबा कितीही वेळा धुतला तरी.)

मागच्या उन्हाळ्यात एक आजी अकरा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा हगवण. बाटली रोज उकळतो, असं त्या शपथेवर सांगत होत्या आणि ते खरंच होतं. मी बाटली मागितली. बाहेरून चकचकीत, काच वाटावी अशी. रिंग फिरवून काढली आणि निप्पल तिच्यातून ओढून वेगळं केलं. निप्पलचा जो काठ रिंगेखाली दाबलेला असतो, तिथे चारी बाजूंनी पिवळट, चिकट थर होता. नखानं खरवडला तर लोण्यासारखा निघाला, आणि वास आंबलेल्या दह्याचा. आजींनी तो वास घेतला आणि पदर नाकाला लावला. त्या रोज पूर्ण जोडलेली बाटली, निप्पलसकट, उकळत्या पाण्यात टाकत होत्या. निप्पल रिंगेतून वेगळं निघतं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. यात त्यांचा दोष मला दिसत नाही. बाटली विकणारा सांगत नाही, आणि आम्ही डॉक्टर "उकळून वापरा" एवढं म्हणून पुढचा पेशंट बोलावतो.

म्हणून धुणं आधी, उकळणं नंतर. दुधाचा थर तसाच ठेवून उकळलं तर तो आणखी घट्ट बसतो आणि त्याच्या आडोशाला जंतू तगतात. बाळाचं पिऊन झालं की लगेच, म्हणजे त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढून झाल्या झाल्या, बाटली साध्या पाण्यानं खंगाळायची. वाळलेलं दूध काढायला तिप्पट मेहनत लागते. मग सगळे भाग सुटे करायचे: बाटली, रिंग, निप्पल, वरचं झाकण. मोरीत ठेवून घासू नका. तिथे भांडी, धुणं, हातपाय सगळं होतं. एक लहान घमेलं किंवा स्टीलचा डबा फक्त याच कामाला ठेवा. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि लांब दांड्याचा ब्रश, तोही फक्त बाटलीचाच. निप्पल आतबाहेर उलटं करून चोळायचं आणि पाणी भरून दाबायचं, म्हणजे भोकातून धार निघते. धार वाकडी किंवा अडकत निघाली तर आत काहीतरी बसलं आहे. आट्यांवरून ब्रश गोल फिरवायचा. राखेनं किंवा तारेच्या घासणीनं बाटली आतून कधीच घासू नका. प्लास्टिकला चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पोचेल असा ब्रश मिळत नाही. चरे पडलेली, धुरकट झालेली बाटली कितीही उकळली तरी माझा तिच्यावर विश्वास नाही.

सासूबाईंना जवळचं दिसत नसेल तर हे काम त्यांच्याकडून दुपारी नीट होणार नाही. त्यांना फक्त खंगाळून सुटं करून ठेवायला सांगा, घासायचं तुम्ही संध्याकाळी आल्यावर. दोन वेळा पाजायला दोन बाटल्या असल्या की एकदाच घासणं, एकदाच उकळणं.

उकळताना गंज एवढा मोठा हवा की सगळं पाण्याखाली बुडेल. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरडी राहते, म्हणून आडवी करून पाणी आत जाऊ द्या. खळखळ उकळी आल्यापासून दहा मिनिटं मोजा. गॅसवरच करायला हवं असं काही नाही. सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेलीच असते, तिच्या निखाऱ्यावर चार काटक्या टाकून हे होऊन जातं.

आणि इथून पुढे बहुतेक घरांत सगळं केलेलं वाया जातं. उकळलेली बाटली गरम लागते म्हणून माठातलं पाणी ओतून गार करतात. पदरानं पुसतात. निप्पल बोटानं दाबून बसवतात, आणि त्याच हातानं नुकतं शेण उचललेलं असतं. बाटली गंजातच, झाकण ठेवून, गार होऊ द्या. लागेल तेव्हा आधी साबणानं हात धुवा, मग निप्पल काठाला धरून बसवा, टोकाला बोट लावू नका. लगेच नको असेल तर धुतलेल्या सुती फडक्यावर उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या. ओली बाटली झाकण लावून ठेवली की आतल्या दमटपणात उरलेसुरले जंतू पुन्हा वाढतात. उन्हात ठेवली तर वाळते लवकर, ते चांगलंच, पण वरून पातळ फडकं हवं, नाहीतर माशा बसतात. आणि ऊन दाखवणं म्हणजे उकळणं नव्हे.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या आया मला विचारतात की उकळल्यावर बाटलीवर पांढरी पुटं येतात, ती विषारी का? नाही, ते पाण्यातले क्षार. पण त्या खरखरीत थरात दूध अडकतं, म्हणून आठवड्यातून एकदा लिंबाचा रस घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून घासून काढा. तुमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघायला हवी. यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. तुमच्या गावच्या हँडपंपाची तपासणी झाली आहे का आणि निकाल काय आला, हे ग्रामपंचायतीत विचारा. बाळाच्या पोटात जाणारं पाणी चांगल्या स्रोताचंच हवं. नळाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेलं पाणी येत असेल किंवा आशाताई मेडिक्लोरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांची, बाटली देत असतील तर ते जरूर वापरा. तरीही बाळाचं पिण्याचं पाणी मी वर्षभर उकळायलाच सांगते: खळखळ उकळी आली की एक मिनिट, मग झाकून ठेवायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं घ्यायचं.

आता पुण्याच्या नणंदेकडे येऊ. तिच्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलेलं नाही. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था म्हणते की रोजचं निर्जंतुकीकरण विशेष महत्त्वाचं आहे ते दोन महिन्यांच्या आतल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी. मोठ्या, निरोगी बाळाची बाटली प्रत्येक वेळी काळजीपूर्वक धुतली तर तेवढं पुरू शकतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत निर्जंतुक करायला सांगते. दोन्ही देश पुढारलेले, दोन्हीकडे थेट नळाचं पाणी पितात, आणि तरी सल्ला वेगळा. कारण वयाची ही रेघ निसर्गानं आखलेली नाही. बाळाची ताकद किती, पाणी कसं, धुणं किती नेमाचं आणि हवा किती गरम, यावरून ती ठरते. नणंदेकडे चोवीस तास नळ आहे, फ्रिज आहे, बाटली धुणारी व्यक्ती एकच आहे. तुमच्याकडे नळ एक दिवसाआड, बाटली दोघी-तिघींच्या हातात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो. म्हणून तुमच्यासाठी मी ब्रिटनची रेघ धरते.

काही बाळांच्या बाबतीत तर वर्ष झाल्यावरही मी सैल सोडत नाही. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल आणि वजन अजून मागे असेल, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ते तीव्र कुपोषितात मोडत असेल, किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं असेल. सिकलसेल आपल्या विदर्भात किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. 'एएस' म्हणजे वाहक बाळाची गोष्ट वेगळी, त्याला जास्तीची भीती नाही. पण 'एसएस' पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, बाळाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, पहिल्या वर्षातच कमजोर होऊ लागते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. अशा घरी बाटली असूच नये, आणि असलीच तर उकळल्याशिवाय वापरू नये.

दुधाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण बाटली स्वच्छ आणि दूध सकाळचं, असं फार वेळा बघते. दूध तापवून थर्मासमध्ये भरून ठेवू नका. कोमट थर्मास म्हणजे विरजण लावायची जागा. बाटली भरून ती झोळीच्या दोरीला अडकवून ठेवू नका. दर वेळी दूध पुन्हा उकळून, कोमट करून, लागेल तेवढंच ओता. आधी अर्धी वाटीभर, मागितलं तर आणखी. पिऊन उरलेल्या दुधात बाळाची लाळ गेलेली असते, ते तासाभराच्या वर ठेवायचं नाही. फेकायला जीव होत नाही, म्हणून तर ओतायचंच कमी. दुधात पाणी घालू नका, त्यानं बाळाचं पोट पाण्यानंच भरतं. पावडरचं दूध देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की डबाबंद पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली उतरायच्या आधी, त्यात पावडर घालायची, मग गार करून पाजायचं आणि दोन तासांत संपवायचं.

तुमचं बाळ अंगावर पितं आहे हे फार मोठं धन आहे, ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. आणि म्हणूनच मी विचारते, दिवसा दोनदा बाटलीभर गाईचं दूध हवंच कशाला? साडेनऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा वाटीभर घट्ट जेवण हवं: तूप घातलेला वरण-भात कुस्करून, मऊ खिचडी, अंड्याचा बलक, दाण्याचा बारीक कूट घातलेली लापशी. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतं. दुधानंच पोट भरलेलं बाळ जेवत नाही आणि पांढुरकं पडतं. सासूबाईंनी सकाळी अकराला वाटीभर वरण-भात आणि दुपारी तीनला खिचडी भरवली तर एक बाटली आपोआप गळेल. हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, तुम्ही निघताना स्वतःचं दूध धुतलेल्या वाटीत काढून झाकून ठेवलंत तर हवा पंचवीस अंशांपर्यंत असेल तेव्हा ते चार तास चांगलं राहतं. उन्हाळ्यात हे करू नका.

राहिलेलं दूध फुलपात्रानं पाजा. आपल्याकडे बाळाला बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या लहान भांड्यानं, पाजायची चाल होतीच, बाटली मागाहून आली. फुलपात्राला रिंग नाही, आटे नाहीत. साबणानं घासून स्वच्छ पाण्यानं धुतलं की झालं, ब्रश लागत नाही, आणि डोळ्यांना दिसतं ते खरं असतं. बाळाला मांडीवर सरळ बसवा, कडा खालच्या ओठावर टेकवा आणि दूध ओठाला लागेल एवढंच तिरपं करा. तोंडात ओतू नका, ते स्वतः ओढून घेईल. पहिले तीन-चार दिवस निम्मं अंगावर सांडेल. गळ्याला फडकं बांधा आणि सांडू द्या. आधी दुपारची बाटली सोडवा, तेव्हा बाळ ताजंतवानं असतं. निजतानाची बाटली सर्वांत शेवटी सुटते, पण सोडवायचीच. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात दीड-दोन वर्षांत काळे पडून झिजलेले मी नेहमी बघते. झोळीत बाळाला निजवून बाटली उशीला टेकवून द्यायची सवय तर आजच बंद करा, दूध श्वासनळीत जातं.

आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे: दुधाच्या बाटल्यांची आणि बाळांच्या दूध पावडरची जाहिरात करता येत नाही, त्या फुकट वाटता येत नाहीत. हा कायदा झाला त्यामागे बाटलीनं आजारी पडलेली बाळंच होती.

मध्येच हगवण लागली तर त्या दिवसापासून बाटली बंद, वाटी-चमचा सुरू. अंगावरचं दूध थांबवायचं नाही, ओआरएस चमच्या-चमच्यानं, आणि आशाताईंकडून झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेऊन १४ दिवस रोज एक. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, किंवा बाळ मलूल पडून पितच नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र उजाडायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. रोटा विषाणूच्या लसीचे ६, १० आणि १४ आठवड्यांचे तिन्ही डोस झाले आहेत का, तेही कार्डावर बघून घ्या. ही हगवण आपल्याकडे थंडीत जास्त असते, नेमकी तुमच्या वेचणीच्या दिवसांत. तोंडात पांढरे चट्टे आले तर दाखवून घ्या, आणि तोवर निप्पल दर वापरानंतर उकळा.

पेटीतल्या बाटल्यांचं सांगते. बाटली उजेडाकडे धरून बघा. आत चरे नसतील, रंग पिवळा पडला नसेल, तडा नसेल तर घासून, उकळून वापरता येईल. निप्पल मात्र जुनं कधीच नको. ठेवून ठेवून रबर चिकट होतं, ताणलं की भेगा दिसतात, आणि तुकडा तुटून बाळाच्या घशात अडकू शकतो. नवंही दोन-तीन महिन्यांनी बदला, त्याआधी मऊ पडलं किंवा भोक मोठं झालं तर लगेच. आणि जुनं निप्पल फेकताना कात्रीनं दोन तुकडे करून कचऱ्यात खाली दाबून टाका. उकिरड्यावर अख्खं पडलं तर शेजारचं एखादं लेकरू उचलून तोंडात घालतं.